कुंपणाच्या आतले शब्द

रायपूर शहराच्या जुन्या भागातून हिंडणाऱ्या मराठी माणसाला काही नावे एकाच वेळी ओळखीची आणि परकी वाटतात. एका चौकाचे नाव कालीबाडी. ते तेथील बंगाली समाजाच्या कालीमंदिरावरून पडले आहे. सरकारी पाटीवर 'आंगनबाडी केंद्र' असे लिहिलेले असते. शहर मागे टाकून एखाद्या खेड्यात शिरले, की घराच्या पिछाडीला काट्याकुट्यांचे किंवा बांबूच्या कामट्यांचे कुंपण घातलेला भाजीपाल्याचा तुकडा दिसतो. त्याला छत्तीसगढी भाषेत बारी म्हणतात. तात्यापारा, बूढापारा या भागांतील मराठी कुटुंबांत नागपूरकडच्या वडिलोपार्जित घराचा विषय निघाला, की त्याचा उल्लेख 'आमचा वाडा' असा होतो. आणि याच शहरात इंग्रजी अमदानीची खूण म्हणून एक टाउन हॉलही उभा आहे.

बाडी म्हणजे देवीचे घर, बारी म्हणजे परसबाग, वाडा म्हणजे चौसोपी वास्तू. अर्थ तीन असले तरी शब्द मुळात एकच आहे. टाउन या शब्दाचे मात्र त्यांच्याशी रक्ताचे नाते नाही. तो हजारो मैलांवरच्या एका निराळ्या कुळातून आला. तरीही या दोन कुळांची जीवनकथा ताडून पाहिली, तर एकाची पाने दुसऱ्याच्या वहीत नकलून घेतली असावीत, असा भास होतो. दोन्हीकडे आरंभी केवळ एक कुंपण होते. पुढे त्या कुंपणाचे नाव कुंपणाच्या आतल्या वस्तूला मिळाले; आणि आत काय राखायचे होते, त्याप्रमाणे प्रत्येक भाषेत अर्थ निराळ्या मुक्कामी थांबला.

शब्दांची अशी तुलना हा या शहराला अगदीच अपरिचित विषय नव्हे. अनेक भाषांचे जाणकार म्हणून विख्यात झालेले हरिनाथ डे (१८७७–१९११) यांचे बालपण रायपुरातच गेले. त्यांचे वडील भूतनाथ डे हे येथील नामांकित गृहस्थ होते. कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपालपद १९०७ साली हरिनाथांकडे आले. ते पद भूषविणारे ते पहिले भारतीय होत. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात ३४ भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या, असे सांगितले जाते. आकड्यांचा हा मेळ जरा जास्तच जमून आलेला वाटतो. परंतु घरात बांगला, रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी आणि शेजारी मराठी अशा गावात वाढणाऱ्या मुलाचा कान लवकर तयार व्हावा, यात नवल नाही.

आधी परक्या कुळाकडे वळू. इंग्रजी, जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियातील स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, आइसलँडिक या भाषांना मिळून जर्मानिक भाषा म्हणतात. मराठी, गुजराती, बांगला या जशा एका घरातल्या बहिणी, तशाच या. त्यांपैकी इंग्रजीत टाउन म्हणजे शहर. जर्मनमध्ये याच शब्दाचे रूप त्साउन असे असून त्याचा अर्थ आहे कुंपण. डच भाषेत तो टॉइन असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ होतो बाग. नॉर्वेमध्ये टून म्हणजे शेतघराच्या इमारतींमधले अंगण. आइसलँडमध्ये टून म्हणजे घराभोवतालचे, खत घालून जोपासलेले गवताचे रान. एकच शब्द, आणि त्याचे अर्थ कुंपण, बाग, अंगण, कुरण, शहर! अनोळखी वाचकाला यांत एकवाक्यता दिसणे कठीण. पण सर्वांच्या पाठीमागे एक ओबडधोबड कुंपण उभे केले, की सारे अर्थ आपोआप आपापल्या जागी बसतात.

मूळ अर्थ जर्मनने जपला. डच भाषेतही पूर्वी तोच अर्थ होता. विणलेल्या फांद्यांच्या गोल कुंपणात बसलेली एक युवती हे हॉलंडचे जुने राष्ट्रीय प्रतीक आहे आणि त्या चित्राला 'हॉलंडची टॉइन' असे म्हणत. आजचा डच वाचक त्याचा अर्थ 'हॉलंडची बाग' असा लावील. चित्रकाराच्या मनात मात्र कुंपण होते. शब्द बदलला, चित्र तसेच राहिले. शब्दांच्या इतिहासात अशी चित्रे मोलाची साक्ष देतात.

इंग्रजीतला प्रवास सर्वांत लांबचा. जुन्या इंग्रजीत टून म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. त्यावरून ते शेतकऱ्याच्या घराचे आणि गोठ्याचे नाव झाले, मग चार घरांच्या वस्तीचे, मग गावाचे. इंग्लंडच्या नकाशावर 'टन'ने संपणारी असंख्य गावे दिसतात. ती या मधल्या अवस्थेची. सटन म्हणजे दक्षिणेची वाडी, नॉर्टन म्हणजे उत्तरेची वाडी, प्रेस्टन म्हणजे पुरोहितांची वाडी. ब्रायटन हे समुद्रकाठचे प्रसिद्ध शहर मुळात बेऑर्टहेल्म नावाच्या कोणा माणसाची वाडी होती. अमेरिकेच्या राजधानीला ज्याचे नाव मिळाले त्या वॉशिंग्टनचे आडनावही उत्तर इंग्लंडमधल्या अशाच एका वाडीवरून आले. पुढे मध्ययुगात बाजारपेठा वाढल्या आणि टाउन हा शब्द खेड्यापेक्षा मोठ्या वस्तीसाठी राखीव झाला. स्कॉटलंडमध्ये मात्र टून याचा शेतघर हा अर्थ पुष्कळ काळ टिकून होता.

या शब्दाला आणखी एक जुना सोयरा आहे. आयरिश भाषेत डून म्हणजे तटबंदीचे ठिकाण, किल्ला. फ्रान्समधील ल्यों या शहराचे रोमन काळातील नाव लुग्डूनुम. त्याच्या शेवटी हाच केल्टिक शब्द आहे. केल्टिकमध्ये ड, इंग्रजीत ट आणि जर्मनमध्ये त्स, ही साखळी योगायोगाची नव्हे. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली आपल्या व्याकरणग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम मांडला. इतर भाषांत जेथे द किंवा ड असतो तेथे जर्मानिक भाषांत ट येतो, आणि नंतरच्या एका बदलाने खास जर्मनमध्ये आरंभीच्या ट चा त्स होतो. आपल्याकडचे 'द्वि' आणि 'दश' घ्यावेत. इंग्रजीत ते 'टू' आणि 'टेन' होतात, जर्मनमध्ये 'त्स्वाय' आणि 'त्सेन'. जर्मानिक लोकांनी हा शब्द शेजारच्या केल्ट लोकांकडून उसना घेतला की दोघांनाही तो एका पूर्वजाकडून मिळाला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. उसना घेतला असेल, तर ड चा ट होण्यापूर्वी घेतला असला पाहिजे, एवढे ध्वनींवरून ठरते.

आता वाडा. संस्कृतात वाट किंवा वाटक म्हणजे आवार, वेढलेली जागा. यज्ञासाठी आखून घेतलेल्या जागेला यज्ञवाट म्हणत, उसाच्या मळ्याला इक्षुवाट. लहान आवार ती वाटिका. सर्वसामान्यांच्या तोंडी असलेली अशोकवाटिका वाल्मीकीच्या रामायणात 'अशोकवनिका' या नावाने येते. लोकांनी तिला नंतर कुंपण घातले, असे म्हणावे लागेल. या वाट शब्दाच्या मुळाशी झाकणे, वेढणे या अर्थाचा 'वृ' हा धातू असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच धातूपासूनचा 'वृति' म्हणजे कुंपण. शेताला काट्यांची वई घालणारा मराठी शेतकरी तोच शब्द आजही झिजलेल्या रूपात वापरतो.

वाटचा वाडा कसा झाला, याचाही नियम आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला संस्कृत ट प्राकृतात मऊ होऊन ड बनतो. वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा, शाटिकेची साडी, घटिकेची घडी. म्हणून वाटकाचा वाडा आणि वाटिकेची वाडी. येथे चौकस वाचक विचारील, की मग मराठीत रस्ता या अर्थाची 'वाट' कशी काय शिल्लक राहिली? ती या घरातली नाहीच. रस्त्याची वाट 'वर्त्म' या शब्दापासून निघाली. प्राकृतात तिचा ट जोडाक्षरी होता, वट्ट. जोडाक्षरातला ट मऊ होत नाही. जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर तेवढा लांबतो, जसे पट्टचा पाट किंवा हट्टचा हाट. संस्कृत कोशातला 'वाट' मराठीत वाडा झाला आणि मराठीतली 'वाट' संस्कृतातल्या निराळ्याच शब्दाची लेक निघाली. दिसण्यावर जाणारा माणूस येथे हमखास फसतो. महापालिकेचा 'वॉर्ड' आणि आपला 'वाडा' यांचीही अशीच गाठ घालून देण्याचा मोह होतो. वॉर्ड हा राखणे, पहारा करणे या अर्थाच्या शब्दातून आलेला आहे आणि कोशकार त्याचे मूळ वेगळे मानतात.

दुसरा नियम आरंभीच्या व चा. मराठी, गुजराती, पंजाबी, सिंधी या पश्चिमेकडच्या भाषांनी व राखला. हिंदी, बांगला, ओडिया यांनी त्याचा ब केला. वाघ तिकडे बाघ होतो, वीस बीस होतात, वड बड होतो आणि वाडी बाडी होते. छत्तीसगढीत तिचा ड आणखी सैल होऊन र झाला व बारी हे रूप आले.

रूपांचा हिशेब असा लागला. अर्थांचा हिशेब अधिक रंजक आहे. गुजरातीत वाड म्हणजे अजूनही कुंपणच. मराठीत ज्याला 'कुंपणच शेत खाते' म्हणतात, त्याला गुजराती माणूस 'वाड चिभडां गळे', म्हणजे वाडच काकड्या गिळते, असे म्हणतो. पंजाबीत वाड म्हणजे कुंपण आणि वाडा म्हणजे गुरांचे आवार. हिंदीत बाडा म्हटले, की प्रथम डोळ्यांपुढे जनावरे येतात. उलट बंगालमध्ये बाडी म्हणजे सरळ घर, मग ते एका खोलीचे असो की जोडासांकोतील ठाकुरबाडीसारखे प्रशस्त असो. त्याच बंगालला लागून असलेल्या आसामात बारी म्हणजे घराभोवतीची सुपारी-केळीची बाग. ओडियातही बाडी हे परसातील बागेचे नाव आहे. सीमा ओलांडली, की घराची बाग होते आणि बागेचे घर. ठाकुरबाडीचे 'ठाकूरवाडी' असे भाषांतर करणारा अनुवादक टागोरांना कोकणातल्या एखाद्या पाड्यावर नेऊन बसवील. आणि छत्तीसगढी माणसाच्या बारीला वाडी म्हटले, तर परसातल्या दोडक्या-भोपळ्यांच्या जागी मराठी वाचकाला आख्खी वस्ती दिसेल.

मराठीची तऱ्हा काही वेगळीच. इतर भाषा एकेका मुक्कामी थांबल्या. मराठीने सगळे मुक्काम सांभाळले. मोकाट गुरे कोंडतात तो कोंडवाडा. कोकणात गुरे बांधण्याची जागा तो वाडा. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारा धनगर रात्री जेथे तळ देतो, त्या तळाला तो वाडाच म्हणतो. सकाळी तो वाडा उठून पुढच्या गावी जातो. आणि ज्याची वास्तुशांत १७३२ साली झाली तो पुण्याचा शनिवारवाडाही वाडाच. मेंढरांचा तळ आणि पेशव्यांचे निवासस्थान यांना एकच नाव असावे, याचा मराठी माणसाला कधी अचंबा वाटत नाही, इतका तो शब्द अंगवळणी पडला आहे. वाडीचेही तसेच. घाटावर वाडी म्हणजे मूळ गावापासून सुटलेली चारदोन घरांची वस्ती. वसई-पालघरकडे वाडी म्हणजे केळीची, पानवेलीची बाग. ती कसणाऱ्या समाजाचे नाव वाडवळ. मुंबईच्या गिरगावात फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे शेजारीशेजारी आहेत. तेथे आता चाळी आणि इमारती उभ्या आहेत, फणसाचे झाड शोधून सापडणे कठीण. डच टॉइनपासून इंग्रजी टाउनपर्यंतचे अंतर या गल्ल्यांनी एकाच शहरात, एकाच नावाखाली कापले.

मोठी वास्तू हा अर्थ खास मराठीचा, आणि तो मराठ्यांच्या घोड्यांबरोबर उत्तरेत गेला. इंदूरच्या होळकरांचा राजवाडा हिंदी मुलखात असूनही आपला व टिकवून आहे. ग्वाल्हेरात शिंद्यांच्या वाड्याला लोकांनी हिंदी वळण दिले आणि त्या चौकाचे नाव 'महाराज बाडा' असे पडले. हिंदी भाषकाच्या रोजच्या बोलण्यात बाडा म्हणजे गुरांचे आवार असताना राजाच्या निवासाला त्याने बाडा म्हणावे, हे मराठी सत्तेचे भाषिक अवशेष होत. लखनौच्या इमामबाड्यात मात्र हा मराठी अर्थ शोधू नये. तेथे आवार, स्थान हा हिंदीचा जुनाच अर्थ आहे.

छत्तीसगढात मराठी सत्ता नागपूरच्या भोसल्यांची. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे कलचुरी राज्य खिळखिळे झाले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते; १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. शंभर वर्षांहून अधिक काळच्या या संबंधातून येथे मराठी वस्ती रुजली. तात्यापारा या नावातला 'तात्या' मराठी आणि 'पारा' छत्तीसगढी आहे. हा पारा कोण, याचाही येथेच निकाल लावलेला बरा. तो बारीचा भाऊ वाटला, तरी त्याचे मूळ संस्कृत 'पाटक', म्हणजे गावाचा भाग. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागातला मराठी पाडा, बांगलातील पाडा, ओडिशातील केंद्रापडा या गावाच्या नावाचा शेवट, हे सारे त्याचेच वंशज. सहाव्या शतकात बंगालच्या ताम्रपटांत पाटक हे जमिनीचे मापही होते. पाटक आणि वाटक यांची कधीकधी सरमिसळही झालेली दिसते. मेवाडचे शिलालेखांतील नाव 'मेदपाट' असे आहे, तर शेजारचा मारवाड हा 'मरु'चा वाड मानला जातो.

आतापर्यंत टाउन आणि वाडा यांचे साम्य हे दोन अनोळखी माणसांच्या नशिबांतले साम्य होते. युरोप आणि भारत यांना एकाच वंशवृक्षावर आणणारे कुंपणही भाषाशास्त्राला ठाऊक आहे. इंग्रजी यार्ड म्हणजे अंगण, जर्मन गार्टेन म्हणजे बाग, स्वीडिश गोर्ड म्हणजे शेतघर. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्या भाषेत गार्ड्स म्हणजे घर. लिथुआनियनमध्ये गार्दास म्हणजे गुरांचा कोंडवाडा. रशियनमध्ये गोरोद म्हणजे शहर, जसे नोव्हगोरोद, म्हणजे नवे शहर. पुन्हा तीच माळ: कोंडवाडा, अंगण, बाग, घर, शहर. आणि या माळेतला भारतीय मणी कोणता? तो आहे 'गृह'. संस्कृत गृह, प्राकृत घर, मराठी घर. ज्या शब्दाहून जवळचा शब्द मराठी माणसाजवळ क्वचितच असेल, तोही एके काळी कुंपणच होता. वेदकाळापर्यंत येता येता भारतीयांना त्याचा विसर पडला होता. ऋग्वेदात गृह म्हणजे घर एवढेच. लिथुआनियाच्या शेतकऱ्याचा कोंडवाडा शेजारी ठेवल्यावाचून त्या घराच्या भिंतीत पुरलेला मेढा दिसत नाही.

कुंपण म्हटले, की आत कोण हा प्रश्न येतो, तसाच बाहेर कोण हाही येतो. स्कँडिनेव्हियाच्या जुन्या पुराणकथांत माणसांच्या जगाचे नाव मिडगार्ड, म्हणजे मधले आवार. त्याच्या पलीकडचे ते उटगार्ड, बाहेरचे आवार. तेथे दैत्य राहतात. अवघे जग त्या शेतकऱ्यांनी आपल्या अंगणाच्या नमुन्यावर कल्पिले, आणि कुंपणापलीकडच्याला माणूस मानले नाही.

मराठी गावाने हे पुराणात नव्हे, प्रत्यक्ष जमिनीवर आखले. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात वाडा या शब्दाला प्रशस्त वास्तू या अर्थाबरोबरच गावाचा भाग हाही अर्थ दिलेला आहे. गावाचे भाग जातीवार असत: ब्राह्मणवाडा, गौळवाडा आणि गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. त्या शेवटच्या दोन शब्दांतला वाडा आतल्यांना राखण्यासाठी नव्हता. येथे कुंपण उलटे फिरले होते. बाकीच्या गावाला त्यांच्यापासून दूर ठेवणे हे त्याचे काम होते. एकाच शब्दाने शनिवारवाड्याला डौल दिला आणि हजारो माणसांच्या पत्त्यावर जन्माचा डाग ठेवला. पत्र, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, प्रत्येक कागदावर राहण्याचे ठिकाण लिहिले, की जात आपोआप लिहिली जाई. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असे त्यात सुचविले होते. नव्या नावांत 'वाडा' हे पद कोठेही नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जातीचा उल्लेख काढून नुसता वाडा ठेवता आला असता. पण शब्द मळला होता. छत्तीसगढच्या खेड्यांतही सतनामीपारा, राऊतपारा, गोंडपारा अशी नावे आढळतात आणि खुद्द रायपुरात ब्राह्मणपारा आहे. तेथे शब्दाचे मूळ वेगळे, वाटणी तीच.

याच शब्दाने एक चांगले कामही केले, आणि त्यात वाडीची गाठ जर्मन गार्टेनशी पडली. फ्रीडरिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने लहान मुलांच्या आपल्या संस्थेला १८४० मध्ये 'किंडरगार्टेन', मुलांची बाग, असे नाव दिले. रोपे जशी कुंपणाआड, माळ्याच्या देखरेखीखाली वाढतात तशी मुले वाढावीत, ही त्यामागची कल्पना. मराठीतली 'बालवाडी' ही त्या कल्पनेची हुबेहूब जोडीदार आहे. वाडीचा बाग हा अर्थ जेथे जिवंत आहे, त्याच उत्तर कोकणात तिची भरभराट झाली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गावाच्या मध्यभागी बालवाडी उघडली, तरी सगळी मुले तेथे येत नाहीत, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. गरिबांची, गावाच्या कडेला राहणारी मुले मध्यवस्तीत यायला बिचकत. कोणाला धाकटी भावंडे सांभाळायची असत. तेव्हा शिक्षिकाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात जाऊ लागल्या. तिला नाव मिळाले अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या डोंगरावर, आदिवासी पाड्यांत काम वाढले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तेथे शाळा. कुंपण नसलेली अशी बाग फ्रोबेलला सुचली नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द सरकारी फायलींतून देशभर गेला. हिंदी प्रदेशात पोहोचल्यावर तेथील नियमाप्रमाणे व चा ब झाला व आंगनबाडी हे नाव रूढ झाले. छत्तीसगढ सरकारने २०२२ साली पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळांतून वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांना नाव दिले 'बालवाडी', आणि या वेळी मराठी व जसाच्या तसा ठेवला. एका शब्दातला ब आणि दुसऱ्यातला व यांची चौकशी सहसा कोणी करत नाही. आणि केंद्राच्या मागच्या बाजूला, एखाद्याच्या बारीच्या कुंपणावर, पावसाळ्यात भोपळ्याचा वेल चढलेला असतो.